तुमच्या गोळीचं नाव काय?

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी उलटली, की आमच्या फुलपाड्यात एखाद्या घरी तरी मोठी बॅग माळ्यावरून खाली उतरलेली दिसते. कुणाची लेक दुबईला, कुणाचा मुलगा कुवेतला, तर कुणाची सून अमेरिकेत बाळंत होणार असते. एके काळी विरारच्या बायकांचा प्रवास म्हणजे चर्चगेटची लोकल, आणि लांबचा म्हटला तर पंढरपूर नाहीतर तुळजापूर. आता पापडखिंड धरणाच्या बाजूला उभं आयुष्य काढलेल्या आजीबाईसुद्धा पासपोर्ट काढतात, बोटांचे ठसे देतात आणि नातवंडाच्या ओढीने एकट्या विमानात बसतात. कौतुकच वाटतं त्यांचं!

ही बॅग भरायचं काम अर्थातच घरातल्या बाईचं. मेतकूट, लोणचं, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, जावयासाठी भाजणी. वजनकाट्यावर दहा वेळा बॅग चढते आणि उतरते. चकलीचा डबा ठेवायचा की काढायचा यावर घरात चर्चा झडते. औषधं मात्र शेवटच्या रात्री आठवतात. मग टेबलावरच्या पट्ट्या गोळा होतात, जागा वाचावी म्हणून खोकी फेकली जातात, पट्ट्या कात्रीने कापल्या जातात, उरलेल्या सुट्या गोळ्या एखाद्या डबीत जातात आणि ती डबी साड्यांच्या घडीत. झाली तयारी!

मैत्रिणींनो, आज मला याच शेवटच्या रात्रीच्या पिशवीबद्दल बोलायचं आहे. ती पिशवी सगळ्यात आधी भरायला हवी. आणि भरण्याआधी आपल्याला एका साध्या प्रश्नाचं उत्तर यायला हवं. माझ्या गोळीचं नाव काय?

महिला मंडळाच्या कामात आरोग्याचा विषय निघाला की हा प्रश्न मी नेहमी विचारते. उत्तरं ठरलेली असतात. "सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी." "बीपीची बारीकशी आहे ना, ती." "नाव मिस्टरांना माहीत." बायकांना अक्कल नाही म्हणून असं होतं, असं मुळीच नाही. ज्या बाईला भिशीचा पै न् पैचा हिशेब तोंडपाठ असतो, तिला गोळीचं नाव पाठ करणं काय जड आहे? पण गावागावातल्या दवाखान्यांत गोळ्या कागदाच्या पुडीतून मिळतात, पुडीवर फक्त सकाळ-संध्याकाळच्या खुणा असतात. चिठ्ठी असली तर ती मुलाच्या फाइलमध्ये. पुढच्या वेळी रिकामी पट्टी दाखवली की मेडिकलवाला नवी पट्टी देतो. नावाशी आपला संबंधच येत नाही. इथे असताना हे सगळं खपून जातं. विमानतळावर, परक्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर ते खपत नाही.

आपल्याकडे औषध, तिकडे गुन्हा

प्रत्येक देशाचा औषधांचा कायदा वेगळा असतो. आपल्याकडे डॉक्टरांनी सहज लिहून दिलेली गोळी दुसऱ्या देशात नशेच्या पदार्थांच्या यादीत असू शकते. ही औषधं काही दुर्मीळ नाहीत, ती आपल्याच घरात असतात. गुडघेदुखीवर किंवा ऑपरेशननंतर देतात ते ट्रॅमाडोल. झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून दिलेलं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन. आणि मधुमेहामुळे तळपायांची आग होते त्यावर सर्रास दिलं जाणारं प्रीगॅबॅलिन. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीत, ही नियंत्रित औषधं आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून आधी परवानगी घ्यावी लागते. कतारमधल्या भारतीय वकिलातीनेही आपल्या लोकांना सावध करताना यातली बहुतेक नावं घेतली आहेत.

ही फक्त आखाताची गोष्ट नाही. सिंगापूरला कोडीन किंवा डायझेपामसारखी औषधं न्यायची तर आधी मंजुरी काढावी लागते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन हे सर्दीचं औषध ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असलेली गोळी नेता येत नाही. २०१५ च्या जून महिन्यात टोयोटा कंपनीतल्या एका बड्या अमेरिकन महिला अधिकाऱ्याला तिथे अटक झाली होती. कारण काय, तर अमेरिकेहून आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्या होत्या. खटला भरला गेला नाही, पण आठवडे कोठडीत गेले आणि नोकरी सोडावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाईची ही गत, तर मग तुमची-माझी काय कथा?

दुसरं उदाहरण ऐका. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधली दुकानात काम करणारी एक तरुणी इजिप्तला गेली. तिकडे राहणाऱ्या जोडीदाराची पाठ दुखते म्हणून तिने ट्रॅमाडोलच्या २९० गोळ्या सोबत घेतल्या होत्या. गोळ्या तिच्या नावाच्या नव्हत्या. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि २०१९ च्या जानेवारीत ती सुटली. पाठदुखीच्या गोळ्यांपायी आयुष्यातलं सव्वा वर्ष तुरुंगात!

आपला देशही याबाबत बदलला आहे. ट्रॅमाडोल २०१८ च्या एप्रिलमध्ये आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली आलं. या कायद्यात बसणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल रंगात 'एनआरएक्स' अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. आज घरातल्या पट्ट्या काढून बघाच. ती अक्षरं दिसली, तर परदेशी जाताना त्या औषधाची आधी चौकशी करायचीच असं समजा. पण अक्षरं नाहीत म्हणजे सगळं ठीक असंही नाही. प्रीगॅबॅलिन आपल्याकडे या कायद्यात नाही, तरी आखातात ते नियंत्रित आहे. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नका, नाव बघा. बीपी, साखर, थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्यांना सहसा अडचण येत नाही. पण चिठ्ठी मात्र त्यांचीही हवी.

"एवढी पुडी नेशील का गं?"

आपल्याकडे कुणी परदेशी निघालं, की शेजारपाजारचे, नातेवाईक पुड्या घेऊन हजर. "आमच्या बंड्याला तिकडच्या गोळ्या लागू पडत नाहीत, एवढी पट्टी नेशील का?" नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. माणुसकी आड येते, नातं आड येतं. पण विमानतळावर बॅग ज्याची, त्यातली वस्तू त्याची. "हे माझं नाही, शेजारच्या काकूंनी दिलंय" हे वाक्य तिथे कुणी ऐकून घेत नाही.

मुंबईच्या त्या जोडप्याची गोष्ट अनेकींनी वाचली असेल. २०१९ च्या जुलैमध्ये ते दोघं दोह्याला गेले. नवऱ्याच्या जवळच्या नातेवाईक बाईने त्यांच्याकडे एक पाकीट दिलं होतं, त्यात तंबाखू आहे असं सांगून. निघालं चार किलोच्या वर चरस. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी गरोदर होती, तिचं बाळंतपण तुरुंगात झालं. इकडे घरच्यांनी हार मानली नाही, आपल्या अमली पदार्थविरोधी खात्याने तपास केला, पुरावे तिकडे पोचले, आणि २०२१ मध्ये ते दोघं निर्दोष सुटून लेकीला घेऊन घरी आले. तो औषधांचा मामला नव्हता, हे खरं. पण "आपल्याच माणसाने दिलंय, त्यात काय बघायचं" हा जो भरवसा आहे, तो तोच आहे. औषधाच्या पट्टीवर आपण तसाच डोळे मिटून भरवसा टाकतो.

म्हणून नियम एकच. औषध ज्याचं त्याच्याच बॅगेत, आणि त्याच्याच नावाच्या चिठ्ठीसह. सख्ख्या बहिणीसाठीही अपवाद नाही. राग आला तर येऊ दे. राग आठ दिवसांत निवतो.

डबीत लपवलेल्या गोळ्या

आता एक नाजूक गोष्ट. पण ती आपल्या पुरवणीत नाही बोलायची तर कुठे?

लग्न होऊन परदेशी निघालेल्या काही मुली मनाच्या आजाराची किंवा फिट्सची गोळी घेत असतात. सासरी सांगितलेलं नसतं. आईच सांगते, "पट्टी फेकून दे, व्हिटॅमिनच्या डबीत भर, कुणी विचारलं तर ताकदीच्या आहेत म्हण." आईचा जीव तुटत असतो, तिचा हेतू वाईट नाही. पण त्यातून काय होतं बघा. नियंत्रित औषध, वेष्टन नाही, चिठ्ठी नाही, वर नाव खोटं. तपासणीत सापडली तर तिची बाजू मांडायला कागदाचा एक कपटासुद्धा नाही. आणि भीतीने गोळ्या इथेच टाकून गेली तर? झोपेच्या आणि फिट्सच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या की झटके येण्याचा धोका असतो. परक्या देशात, नव्या संसारात, आजाराची कल्पनाच नसलेल्या माणसांत ती मुलगी एकटी.

अशा मुलीला चिठ्ठी हवी, लपवाछपवी नको. डॉक्टरांचं पत्र तिच्या पर्समध्ये असेल, ते दाखवायचं फक्त विचारणाऱ्या अधिकाऱ्याला. सासरी कधी, कसं सांगायचं हा तिचा निर्णय आहे, आणि खरं तर लग्नाआधीच सांगणं तिच्या हिताचं. पण ते होवो न होवो, गोळीचं वेष्टन फाडू नका. साखरेची गोळी उघड्यावर चालते आणि मनाची गोळी मात्र साडीच्या घडीत, हा भेद आपणच घरात वाढवला आहे. आजवर त्याची किंमत बायका मनातल्या मनात मोजत आल्या, विमानतळावर ती कायद्याने मोजावी लागते.

अनारसे आणि बाळगुटी

आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टीही सांगायला हव्यात. पहिली खसखस. अनारसे खसखशीवर थापायचे, बाळंतिणीला खसखशीची खीर द्यायची, ही आपली रीत. पण खसखस अफूच्याच बोंडातली. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात ती नेण्यास बंदी आहे. हजला जाणाऱ्या भगिनींना हज कमिटी नेऊ नका म्हणून जे सामान सांगते, त्यातही खसखस असते. तेव्हा लेकीसाठी अनारसे नेण्याचा मोह आवरा. लाडू-चिवड्यावर दिवाळी साजरी होते!

दुसरी गोष्ट काढे, चूर्णं आणि गुटी. सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूच्या बॅगेत हे असतंच. बोस्टन शहरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं संशोधकांनी तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१७ मध्ये भारतातून गेलेल्या एका तयार बाळगुटीत शिसं आढळलं म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पालकांना इशारा दिला. माझा आयुर्वेदावर राग नाही. पण तान्ह्या बाळाच्या अंगात शिसं गेलं तर त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. लेबल नसलेली पुडी तिकडचा अधिकारी उघडून बघणार आणि बाळाचा डॉक्टरही विचारणार, "यात काय आहे?" आपल्याला उत्तर देता येत नसेल, तर ती पुडी घरीच ठेवलेली बरी.

मग करायचं काय?

काम अवघड नाही, फक्त वेळेवर सुरू करायचं. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि चिठ्ठी इंग्रजीत, छापील किंवा स्वच्छ अक्षरांत मागा. तिच्यावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. आजार कोणता, औषध कोणतं, किती ताकदीचं, दिवसातून कितीदा, एकूण किती दिवसांचं, हे सगळं हवं. खाली तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक.

चिठ्ठीत कंपनीचं नाव पुरत नाही, औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, हवंच. आपली क्रोसिन तिकडच्या डॉक्टरला कळेलच असं नाही. तिच्यातलं औषध पॅरासिटामॉल, आणि अमेरिकेत त्यालाच असिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होतं. डॉक्टरांनी जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच केला आहे. तेव्हा मागताना संकोच करू नका, आपण काही उपकार मागत नाही.

औषधं मूळ पट्टीत, मूळ खोक्यात न्या. मेडिकलचं बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत असते. किती न्यायचं याचेही नियम आहेत. अमेरिका, ऑस्ट्रेलियात साधारण तीन महिन्यांपुरतं स्वतःचं औषध नेता येतं. जपानमध्ये चिठ्ठीचं औषध एक महिन्याहून जास्त न्यायचं तर आधी कागद करावा लागतो. सहा महिन्यांसाठी निघालेल्या सासूबाईंनी सहा महिन्यांच्या गोळ्या भरण्याआधी मुलाला तिकडची चौकशी करायला सांगावी. कोणत्या देशात काय चालतं हे त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. वाटेत विमान बदलणार असाल, तर त्या मधल्या देशाचा नियमही बघायचा. अमेरिकेला जातानाही वाट दुबई-दोह्यावरून असू शकते!

औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग हरवली तर साड्या मिळतील, इन्सुलिन लगेच मिळणार नाही. शिवाय विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठण्याची भीती असते, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. सुया आणि पेन नेताना डॉक्टरांचं पत्र जवळ हवंच. वेळेचा फरक पडतो, त्यामुळे कुठला डोस कधी घ्यायचा तेही निघण्याआधी विचारून लिहून घ्या. सगळ्या कागदांची एक प्रत पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेत आणि एक फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये.

आणि इतकं करूनही कुणी अडवलंच तर? घाबरून समजत नसलेल्या कागदावर सही करू नका. दुभाषा मागा. भारतीय वकिलातीला कळवा, असं स्पष्ट सांगा. अटक झालेल्या परदेशी माणसाला हे मागता येतं, १९६३ च्या व्हिएन्ना करारात ते लिहिलेलं आहे. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, ते २०१५ पासून सुरू आहे.

नाव आपलं आपल्याकडे

यात डॉक्टरांचा, मेडिकलवाल्यांचा आणि तिकिटं काढून देणाऱ्या एजंटांचाही वाटा आहे. तिकिटाबरोबर "औषधं काय नेताय?" एवढं एजंटने विचारलं आणि पुडीवर डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहिलं, तर कितीतरी बायकांचा त्रास वाचेल. महिला मंडळांनी आणि बचत गटांनीही एक दुपार याला द्यावी. प्रत्येकीने आपल्या गोळ्या घेऊन यायचं, नावं वाचायची, वहीत उतरवायची. शिकलेल्या मुलींनी आजीला मदत करायची. खर्च शून्य.

कुणी म्हणेल, आम्ही कुठे परदेशी जाणार आहोत? न जाईनात. रात्री-अपरात्री नालासोपाऱ्याच्या किंवा वसईच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तिथला नवा डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतो, "कोणती औषधं चालू आहेत?" त्या वेळी मुलगा कामावर असेल, फाइल कपाटात असेल आणि उत्तर देणारी बाई एकटीच असेल. "गुलाबी गोळी" या उत्तराने तिथेही भागत नाही.

नवऱ्याची, मुलांची, सासूबाईंची औषधं आपण वर्षानुवर्षं वेळेवर दिली. आता आपल्या स्वतःच्या औषधाचं नाव शिकू या. आज रात्री गोळी तोंडात टाकण्याआधी पट्टी उलटी करा, चष्मा लावा आणि नाव मोठ्याने वाचा. नाही वाचता आलं तर नातीला हाक मारा. आठ दिवसांत पाठ होईल.